गाडीचा पंप मी काढला

सूनबाई,

लाकूड फोडायचं मशीन एकदाचं चाललं. सकाळी सात ओंडके फोडलेत, चुलीला आठवडाभर पुरतील. तू चालवलंस तर तेल गळतंय का ते बोटाने चाचपू नकोस, पुठ्ठा धरून बघ. दाबाखालचं तेल कातडीत शिरतं. जेवण झाकून ठेवलंय, नुसतं बघत बसू नकोस.

आता खरं ते सांगते. मशीनसाठी पंप मी अंगणातल्या गाडीच्या स्टिअरिंगचा काढला, तुला न विचारता. चुकलंच माझं. मेकॅनिक हसला, "काकू, याने चाकं वळतात, लाकडं फुटत नाहीत." मी म्हटलं, अपघातात मुलगा गेल्यापासून ती तरी कुठे वळलीत!

भंगारवाला तीन वाजता गाडी न्यायला येईल. मला बघवणार नाही, म्हणून बहिणीकडे जाते. पण त्याला बजावलंय, सूनबाई हो म्हणाली तरच हात लावायचा. रोज संध्याकाळी तू गाडीत माझ्या लेकाच्या सीटवर जाऊन बसतेस, ते मला स्वयंपाकघरातून दिसतं.

नको वाटलं तर खुशाल परत पाठव त्याला. बाजूची सीट रिकामीच असते. मीही येऊन बसेन.

आई