सरळ बोट

२ डिसेंबर
पोचलो एकदाच्या! मोरोंडावा बंदराहून इथवरच्या खड्ड्यांनी हाडं खिळखिळी केली, पण घर पाहिलं आणि शीण पळाला. फळ्यांच्या भिंती, पत्र्याचं छप्पर, अंगणात डेरेदार चिंच, शाळा हाकेच्या अंतरावर. राजधानीतली ती दमट खोली आणि नवरा गेल्यापासून येता-जाता उसासे टाकणारे सासरचे, सगळं मागे राहिलं. आता मी सहोन्द्रा, पहिलीची बाई, आणि माझी चार वर्षांची मिआली. आम्ही दोघी एकमेकींना पुरे आहोत. आमच्या मुख्याध्यापिका सोआझारा मावशी शेजारीच राहतात. त्यांनी भात, सुकी मासळी आणि तळाला लागलेल्या भाताच्या खरपुडीचं गरम पाणी आणून दिलं, आणि माझ्या उंच टाचांच्या चपला बघून पोट धरून हसल्या.

५ डिसेंबर
आमच्या चिंचेवर सरडे आहेत, रंग बदलणारे. त्यातला एक तर माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत लांब! पाऊल उचलतो, टाकू की नको म्हणून झुलत राहतो, माझ्या सासूबाई बाजारात पैसे काढताना करायच्या तसं. एक डोळा पुढे, दुसरा मागे. मिआली हरखली. बोट ताठ करून ओरडली, "आई, तो बघ!"

सोआझारा मावशी कुंपणापलीकडून धावत आल्या. "अगं, बोट वाकव तिचं! तोंडात धरायला लाव आधी!"

थडग्याकडे वाकड्या बोटानं दाखवायचं हे राजधानीत आम्हीही पाळतो. पण सरडा काय थडगं आहे, असं मी चेष्टेत विचारलं. त्या म्हणाल्या, "राजधानीची शहाणी! एवढ्याशा बोटासाठी कशाला वाद घालतेस?" त्या स्वतः फळ्यावरचं अक्षरसुद्धा बोट मुडपून दाखवतात, हे मी पाहिलंय. मी मात्र मिआलीला अक्षरावर बोट ताठच ठेवायला शिकवते. मातीनं माखलेलं बोट तोंडात घालू देणार नव्हतेच. तिचे हात धुतले आणि विषय संपवला.

१० डिसेंबर
तो मोठा सरडा खिडकीच्या चौकटीवर येऊन बसतो. त्याचा एक डोळा भिरभिरत असतो, दुसरा मिआलीवरून हलत नाही. ती जाईल तिकडे वळतो. आज त्याला काठीवर घेऊन चिंचेवर सोडून आले. भात निवेपर्यंत परत हजर.

संध्याकाळी मिआलीला जेवायला हाका मारल्या. घरभर शोधलं, विहिरीत डोकावले. ती चटईवरच होती, माझ्या पायाशी. सारखी ओ देत होती म्हणे. थकले असेन. या गावचं ऊनही डोळ्यांवर येतं.

१४ डिसेंबर
ऊन नाही. ती भिंतीला टेकली की फळीच्या रंगाची होते, चटईवर चटईच्या. सकाळी लाल फ्रॉक घातला. दुपारपर्यंत तोही मातकट झाला. वर्गात मुलं तिच्या अंगावर आदळली आणि काय लागलं म्हणून खाली बघत राहिली.

मावशींना सांगितलं. या वेळी त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, ताठ बोट दाखवणाऱ्यावर त्याचा डोळा बसतो. दुसऱ्या कुणी तसंच बोट दाखवलं तर पहिला माणूस सुटतो, आणि डोळा त्या दुसऱ्यावर बसतो. मग दाखवा ना कुणीतरी, मी ओरडले. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "कोण दाखवेल, बाई? जीव कुणाला जड झालाय?"

माझा विश्वास नाही. उद्या इथून निघायचं. राजधानीत डॉक्टर आहेत.

१५ डिसेंबर
गाडीत बसलो. मिआली माझ्या मांडीवर, दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. ड्रायव्हरनं विचारलं, "बाई, लेकीला कुणाकडे ठेवलंत?"

मी रडायला लागले. कुणाला काही कळेना. एक माणूस सरकून तिच्या अंगावरच बसायला लागला, मी त्याला ढकललं. पुढच्या गर्दीत ती हातातून सुटली तर मी तिला कशी शोधू? उतरले. चालत परत आलो.

सरडा दारावर होता.

१६ डिसेंबर
तिच्या पायात घुंगरू बांधलंय. वाजतं तेव्हा कळतं, इथे आहे.
पाऊल टाकायच्या आधी झुलते. आता तिचा एक डोळा माझ्याकडे असतो. दुसरा चिंचेकडे.
देवा, मी तिचे हात का धुतले? नुसतं बोट चोखायचं होतं—

१७ डिसेंबर
घुंगरू वाजत नाही. घरभर हात फिरवत रांगले. कोपऱ्यात सापडली, गार, अगदी हलकी. "आई, मी दिसत नाही का?" म्हणाली. दिसतेस म्हटलं. खोटं बोलले.
मी गेले तर हिला कोण? मावशींना विचारलं. म्हणाल्या, भात घालीन, वेणी घालीन, शाळेत नेईन. पुढचं विचारू नकोस.
पुरे. एवढं पुरे आहे.

१८ डिसेंबर
बोट दाखवलं. ताठ. त्याच्या तोंडासमोर.
डोळा फिरला— हळूहळू—
आणि मिआली! लाल फ्रॉक, काळे केस, गुडघ्यावरचं खरचटलेलं, सगळं दिसलं. पोटाशी धरून रडले. तिला माझे हात गार लागले.
संध्याकाळी मावशी घेऊन गेल्या. ती सारखी मागे वळून बघत होती.

१९ की २०
बोटं सरड्यासारखी चिकटलीत, तीन एकीकडे, दोन एकीकडे. पेन्सिल तेवढी धरवते. टेबल आणि मनगट यांत कुठे संपतं काय— कळत नाही—
एका डोळ्यानं कागद. दुसऱ्यानं दार.
दारात मिआली आली. मावशी मागे. "आई!" म्हणते. ओ देते मी, देते आहे, आवाज—
टेबलाजवळ आली. माझ्याकडेच बघते आहे. ओळखलं? ओळखलंस का गं—
माझ्या दिशेनं हात वर केला तिनं. मावशींना दाखवते आहे. शहाणी माझी बाय. या वेळी बोट नीट वाकवलं