नाल उचलायच्या आदल्या दिवशी

नाशिक, १ जुलै २०२५

ती. देवराम आबांना नात वेदिकाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मी ओरडले की सगळ्या सोसायटीला कळतं, म्हणून पत्र.

आबा, माझं वजन अडलंय. एकशे वीस किलोचा बार जमिनीवरून उचलून ताठ उभं राहायचं असतं. माझा गुडघ्याशीच अडतो. वीस तारखेला राज्यासाठी निवड आहे आणि या वयोगटातलं माझं हे शेवटचं वर्ष.

आमच्या कोच ललिता मॅडम म्हणतात, नुसती ताकद वाढवायची तर वजन भरपूर, पण दोन-तीनदाच उचलायचं आणि मग चांगला विसावा घ्यायचा. तुम्ही म्हणता, रोज घामानं निथळेपर्यंत जोर-बैठका. मला दोघांनाही नाही म्हणवेना. पहाटे तुमचं आणि संध्याकाळी त्यांचं, असं गुपचूप चाललं होतं. काल मॅडमना कळलं. बैठकांनी दम वाढतो, पण थकलेले पाय नवं वजन उचलत नाहीत, तेव्हा निवडीपर्यंत बैठका सोड, असं त्यांनी बजावलं.

पहिली बैठक तुम्ही शिकवलीत मला. ती सोडायची म्हटल्यावर रडूच आलं. काय करू? रागवा हवं तर, पण लोभ कमी करू नका.

तुमची,
वेदिका

निफाड, ७ जुलै

चि. वेदीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी डोकंच फिरलं. बैठकांनी ताकद येत नाय म्हणे! याच बैठकांवर मी तालुका गाजवला. चहा तसाच निवला. तुझी आजी म्हणाली, पोरगी अजून तुम्हाला विचारती, तर फुगून काय बसलात?

मग अंगणात गेलो. तालीम बंद पडल्यापासून तिथली दगडी नाल आपल्याकडं पडून हाय. मधल्या दांडीला धरून उचलायचा तो गोल दगड, ज्यावर बसून तू दात घासायचीस. ती आम्ही रोज नाय उचलायचो. आठवड्यातून एकदा, दोन खेपा, बास. आदल्या दिवशी कुणी बैठका मारताना सापडला तर वस्ताद पाठीत धपाटा घालायचे. म्हणजे तुझ्या मॅडमचंच म्हणणं की गं! कुस्तीला दम लागतो म्हणून बैठका, नालेला नुसती ताकद. मला ठाऊक असून तुला सांगायचं सुचलं नाय. पोरीची जात, नाल कशाला उचलील, असं डोक्यात बसलेलं.

तर बैठका बंद, माझी शपथ हाय. निवड होवो न होवो, नागपंचमीला ये. तालमीत त्या दिवशी नालेची पूजा व्हायची. यंदा पूजा झाली की नाल तू उचलायची. आदल्या दिवशी बैठक मारलीस तर धपाटा ठरलेला.

आशीर्वाद आहेतच, दूधही पीत जा.

तुझा आबा

नाशिक, २१ जुलै

ती. आबांना शि. सा. नमस्कार.

उठलं, आबा! शेवटच्या प्रयत्नाला बार गुडघ्याशी थबकला, मग हळूहळू वर आला. माझी निवड झाली. मॅडमना तुमच्या वस्तादांचा धपाटा सांगितला, तर त्या पोट धरून हसल्या. त्यांनाही नाल बघायचीय, नागपंचमीला दोघी येतो. आजीला म्हणावं, दिंडं जास्त करा.

आदल्या दिवशी एकही बैठक मारणार नाही. पण नाल उचलून खाली ठेवली की तुम्हीही लंगोट कसायचा, आबा. तिथंच अंगणात तुमच्या शेजारी उभी राहून बैठका मारायच्यात मला, घामानं निथळेपर्यंत.

तुमचीच,
वेदी