कुठून आलात

रविवार, ४ फेब्रुवारी

अल्हम्दुलिल्लाह, काम लागलं! या गावात येऊन चार दिवस नाही झाले, तोवर हा इद्रीस जिब्रील शाळेत कारकून झाला. शाळा म्हणजे आता शाळा नाही. लढाईत फोनचे मनोरे बंद पडल्यापासून आसपासच्या मुलखात नेट येतं ते फक्त शाळेच्या छपरावरच्या पांढऱ्या तबकडीतून, थेट आकाशातल्या उपग्रहावरून. तबकडी बंदूकवाल्यांची. हमदान त्यांचा म्होरक्या. पंचविशीचा, सदा हसरा. लोक रांगेत उभे राहतात, मी वहीत नाव लिहितो, मग हमदान प्रत्येकाचा फोन हातात घेऊन परवलीचा शब्द स्वतः घालतो. अर्धा तास मिळतो. तेवढ्यात घरच्यांना कळवायचं की आम्ही जिवंत आहोत.

माझ्याआधीचा कारकून नुसतं 'मूसा', नुसतं 'हव्वा' लिहायचा. ही काय रीत झाली? मी मशिदीत लाकडी पाटीवर शिकलो, तेही अर्धवट. पण बाप, आजा आणि 'कुठून आलात' विचारल्याशिवाय सलाम पुरा होत नाही एवढं मला कळतं. मी सगळं विचारतो, सगळं लिहितो. एक जुनी शाळेची वही सापडली, तिच्यात हे लिहितोय.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

अक्षर पाहून हमदान खूश झाला. म्हणाला, काका, तुमच्या वहीत माणूस आरशात दिसावा तसा दिसतो. बक्षीस म्हणून मला अर्धा तास दिला. माझी इख्लास वेढ्यातल्या शहरात आहे, इस्पितळात परिचारिका. तिला लिहिलं की पोरी, मी शाळेत सुखरूप आहे, इथे गोळीबार नाही, मिळेल त्या गाडीने निघून ये.

रांगेजवळ कल्तूमा चहा विकते. म्हणते, काका, एवढा प्रश्नांचा भडिमार तर माझ्या सासऱ्यानेही केला नव्हता, आणि त्याला सून हवी होती!

शनिवार, १० फेब्रुवारी

कल्तूमा सकाळपासून तणतणतेय. शहरातून आलेली माणसं तिचे ग्लास चोरतात म्हणे. त्यांना चौकशीसाठी पाचवीच्या वर्गात बोलावतात, ती चहाचा ग्लास हातात घेऊनच आत जातात. नऊ ग्लास गेले. मी म्हटलं, मागच्या दाराने जात असतील, घाईत राहतो हातात. तिने हातातली किटली खाली ठेवली. मग हळूच म्हणाली, काका, माझी चार पोरं याच शाळेत शिकली. पाचवीला मागचं दार नाही.

काहीतरी साधंच कारण असेल.

सोमवार, १२ फेब्रुवारी

वही द्यायच्या निमित्ताने पाचवीच्या दाराशी गेलो. आत कोणी नाही. गावात पाणी गाढवावरून येतं, प्यायला पुरत नाही, आणि तिथली फरशी धुतलेली. खिडकीच्या कठड्यावर ग्लास ओळीने मांडलेले. काहींत चहा तसाच, वर माश्या.

टेबलावर माझ्या वहीची कालची पानं. माझं अक्षर. जिथे जिथे मी 'शहरातून' लिहिलंय, तिथे लाल गोल.

आधीचा कारकून अडाणी नव्हता. त्याला ठाऊक होतं, शहरातला माणूस म्हणजे यांच्या लेखी शत्रू.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

आज नुसती नावं लिहिली. हमदान हसला. काका, हात दुखतो का? माझ्या शेजारी उभा राहून एकेकाला बाकीचं मलाच विचारायला लावलं.

मग मी शहरवाल्या एका म्हाताऱ्यापुढे आमच्या खेड्याचं नाव लिहिलं. हमदानने त्याचा फोन उघडला, फोटो चाळले, मला त्यातला शहरातल्या इस्पितळाचा चौक दाखवला. म्हणाला, नजर गेली वाटतं काका, चष्मा आणून देऊ? म्हातारा आत गेला. कल्तूमाचा ग्लास घेऊन.

माझं ओळखपत्र, फोन, दोन्ही हमदानकडे. झोपायला शाळेचीच कोठी, बाहेरून कडी. जाऊ कुठे?

बुधवार, १४ फेब्रुवारी

इख्लासला येऊ नको म्हणून कळवायलाच हवं. परवलीचा शब्द तासातासाला बदलतो. कल्तूमाला विनवलं, तुझ्या फोनवरून दोन शब्द पाठव. ती रडली. पाठवलेलं प्रत्येक अक्षर ते वाचतात, काका, मलाही लेकरं आहेत.

शेवटी हमदानचे पाय धरले. त्याने मला उठवलं, माझ्या कपड्यांवरची धूळ झटकली. अहो, काळजी कसली? तुमच्या मुलीचा निरोप केव्हाच आला. भल्या घरची पोर, रस्ता विचारत होती. मीच सविस्तर कळवला, तुमच्या नावाने. निघालीसुद्धा ती.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

गाडी आली नाही. नमाजात एकच मागितलं, गाडी बिघडू दे, वाळूत रुतू दे —

हमदानने नवी वही दिली. जाड.

शनिवार, १७ फेब्रुवारी

गाडीचा आवाज. नाही, पाण्याचं गाढव.

कल्तूमा आज माझ्याकडे बघत नाही. ग्लास विसळतेय. विसळलेलेच पुन्हा —

रविवार, १८ फेब्रुवारी

आली. रांगेत पाचवी. निळी ओढणी, तिच्या आईची.

मान खाली घालून लिहितोय. हमदानला वाटतंय मी नावं लिहितो. तो मागेच उभा आहे.

तिसरी.

तिने मला ओळखलं. हसतेय. पोरी, ओळख दाखवू नकोस, मागे फिर, मागे —

कल्तूमाने तिला चहा दिला.

समोर आहे. नाव सांगितलं. इख्लास, इद्रीसची, जिब्रीलची. मी शिकवलं तसं, अगदी पुरं.

पुढचं मी विचारलं नाही. सलाम अर्धाच ठेवला.

तिला वाटतंय बाबा विसरले. आपणहून म्हणतेय, आणि मी आले श