फ्रिजवरचा लॅपटॉप

गुरुवार, संध्याकाळ

दर गुरुवारसारखी आजही दुपारी आमच्या धायरीची लाइट गेली आणि फ्रिजवरचा माझा जुना, बॅटरी मेलेला लॅपटॉप बंद पडला. मराठी शुद्धलेखन तपासणारा एक प्रोग्रॅम आम्ही काही जण मिळून लिहितो; त्याचा कोड आणि साइट हल्ली त्याच्यावरच असते. लगेच ऑफिसातल्या समीरचा मेसेज: "गेली ना तुझी साइट? परत ये, सगळं जग तिकडेच आहे."

नाही येणार. तिकडे म्हणजे सगळे जण कोड ठेवतात त्या बड्या कंपनीच्या साइटवर, आणि तिकडच्यांनीच गेल्या महिन्यात आमचं खातं बंद केलं. का, ते अजून कळलेलं नाही. मी मेलवर मेल केले, प्रत्येकाला तेच छापील उत्तर. मी हट्टी आहे का? आहे. पण आज अडलं कुठे? कोडची पूर्ण प्रत आमच्यातल्या प्रत्येकाकडे असते. नागपूरच्या फरीदाने लाइट नसतानाच तिची दुरुस्ती मला मेलने पाठवली.

ती दुरुस्ती चढवायला लाइट आल्यावर फ्रिजपाशी गेले, तर लॅपटॉपवर आईने पाटी चिकटवलेली: "हा बंद दिसल्यास मला हाक मारावी. मी घरीच असते."

पाटीचा फोटो समीरला पाठवला. म्हटलं, एवढी सोय तिकडे आहे का, विचारून सांग.