गुलाबचा विमा

११ फेब्रुवारी १९८६, वडसा

नाहीच म्हणाले! विम्याच्या ऑफिसातल्या साहेबाचं एकच पालुपद — 'पॉलिसी गुलाबची. मेले देवराव. गुलाब मेल्याचा दाखला आणा.' आता बाबांना आणखी एकदा मारू की काय!

बाबा झाडीपट्टीच्या नाटकांत बाईचं काम करायचे. गुलाब हे त्यांचं नाटकातलं नाव, पण अख्खं वडसा त्याच नावानं हाक मारायचं. एजंट श्रीहरीभाऊंनी फॉर्मवरही तेच लिहिलं, बाबांनी डौलात सही ठोकली. काही चुकतंय असं दोघांनाही वाटलं नाही.

जूनपर्यंत पैसे मिळाले तर मी नर्सिंगला नागपूरला. नाही तर मामानं आणलेलं स्थळ आहेच.

२ मार्च

इतवारीभाऊ आले. जंगलाकडच्या गावातले, दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते, नाटकं होतात, तिच्या कमिटीतले. 'पोरी, तुह्या बापानं नाटकाचा इसार घेतला होता. मंग बिमार पडला, नाटक झालंच नाई.'

आणि मी काय बोलले? — 'इसार गुलाबनं घेतला. मी देवरावची पोरगी.'

साहेबाचंच वाक्य! ते पाणी पिऊन गेले.

३ मार्च

लाज वाटते.

९ मार्च

मोहफुलं पडायला लागली. सगळी हवा गोड, डोकं जड. दुपारी अंगणात डोळा लागला तर बाबा समोर — हिरवं लुगडं, गालाला पावडर, मिशी अर्धीच काढलेली. म्हणाले, 'ओळखलं का मले?' ओळखलं होतं. पण तोंडातून शब्दच फुटेना. ते वाट बघत राहिले. मग मोहाखालून हळूहळू चालत गेले, नाटकातल्यासारखे, पदर सावरत. जाग आली तेव्हा ऊन पायाशी आलं होतं.

१५ मार्च

श्रीहरीभाऊ म्हणतात, दोन्ही नावं असलेला एखादा जुना कागद हवा. असा कागद एकच — इसाराची पावती. 'देवराव ऊर्फ गुलाब', खाली सही. आणि ती इतवारीभाऊंजवळ!

१७ मार्च

गेले. मान वर करवेना. इतवारीभाऊंनी पेटीतून पावती काढून हातात दिली. अट नाही, काही नाही. एवढंच म्हणाले, 'बापाले बाप म्हणायले कागद काऊन लागते, पोरी?'

बसमध्ये रडले.

२८ मे

चेक आला! श्रीहरीभाऊ म्हणतात, 'पॉलिसीवर वारस म्हणून तुह्यंच नाव हाये. याच्यातून कोणाचं देणं द्याचं काम नाई.' पण इसार आधी परत करणार. उरलेल्यात नागपूरची फी भागते. आईनं खीर केली.

२ जून

इतवारीभाऊंनी पैसे घेतले नाहीत. 'गावानं नाटकाचा इसार देल्ला. नाटकच पायजे.' बाबांचं काम मला तोंडपाठ आहे. हो म्हणून आले! नागपूरला पत्र टाकलं — मंडईपर्यंत तालमी, यंदा येत नाही.