जलतरण तलावातील पाणदिवडीबाबत खुलासा व बदलीची विनंती

प्रति,
मा. क्रीडा अधिकारी,
सार्वजनिक जलतरण तलाव विभाग.

विषय : तलावात नाग पाळल्याच्या आरोपाबाबत खुलासा, आणि बदली मिळणेबाबत.
संदर्भ : आपली दोन ज्ञापने. पहिले नाग पाळल्याबद्दल, दुसरे विनापरवानगी गैरहजर राहिल्याबद्दल.

महोदय,

मी आपल्या तलावावर एकोणीस वर्षे जीवरक्षक आहे. दोन्ही ज्ञापनांचा खुलासा एकाच अर्जात करीत आहे, कारण दोन्हींचे मूळ एकच आहे आणि दोनदा लिहिण्याचे त्राण माझ्यात उरलेले नाही. उजव्या हाताला पट्टी असल्यामुळे अक्षर वाकडे आले आहे, क्षमा असावी.

१. फरशीच्या दुरुस्तीसाठी तलाव चार वर्षांपूर्वी बंद झाला. पोहणारे गेले, माझी हजेरी चालू राहिली. सकाळी सात ते दुपारी तीन मी गळ्यात शिट्टी अडकवून उंच खुर्चीवर बसतो. खोल बाजूला पावसाचे आणि गळक्या नळाचे मिळून छातीभर पाणी साचले. त्यात बेडूक आले. मग कोणीतरी घरातली काचेची टाकी आणून ओतली, म्हणून मासे आले. त्यांच्या मागोमाग ती आली.

२. ती म्हणजे पाणदिवड, नाग नव्हे. पिवळसर अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे चौकडे, डोळ्याखाली काजळ ओघळावे तशा दोन तिरक्या रेघा. फक्त डोके पाण्याबाहेर ठेवून ती तासन्‌तास स्थिर असे. दुसऱ्या वर्षी तिने कपडे बदलण्याच्या खोलीमागच्या ओलसर बिळात अंडी घातली आणि कितीतरी दिवस तिथून हलली नाही. पिल्ले बुटाच्या नाडीएवढी होती. बहुतेक बगळ्यांनी नेली. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की गुळगुळीत भिंतीवरून तिला वर येता येईना, म्हणून मी एक मोडकी फळी तिरकी सोडली. खात्याच्या फळीचा हा वापर मला मान्य आहे. याखेरीज मी काहीही पाळले नाही. मी फक्त तिथे होतो, कारण तिथे असण्याचा मला आदेश आहे.

३. डासांच्या पाहणीला आलेल्या आरोग्य निरीक्षकांनी तिला काठीने डिवचले. घाबरली की ही मान चपटी करते. साहेब “नाग, नाग!” करीत थेट फाटकाबाहेर गेले आणि तसेच लिहून मोकळे झाले. साप बिनविषारी असल्याचा सक्षम व्यक्तीचा दाखला आपण मागितलात. मी सर्पमित्राला बोलावले. तो वाकून बघून म्हणाला, “काका, दिवड आहे. चावरी आहे, पण विष नाही.” मी म्हटले, “एवढंच कागदावर दे.” तर म्हणाला, “लिहून द्यायला मी कोण?”

४. गेल्या मंगळवारी कंत्राटदाराच्या माणसांनी पंप लावला. फळी त्यांनी आधीच काढून फेकली होती. दुपारपर्यंत घोटाभर पाणी उरले. ती भिंतीच्या कडेने फेऱ्या मारीत होती, हातभर वर चढत होती, पडत होती. काठावर माणसे गज घेऊन उभी. मुकादम म्हणाला, “उतरू दे पाणी, मग एका घावात काम.” मी शिट्टी वाजवली. का वाजवली ते सांगता येणार नाही. मग शिडीने खाली उतरलो आणि तिला धरले. ती तीनदा चावली. सदऱ्यात गुंडाळून मागच्या कालव्यावर नेली. पाण्याला लागली आणि दिसेनाशी झाली.

५. हातातून रक्त ठिबकताना पाहून मुकादमानेच मला दवाखान्यात नेले. तिथे दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून घेतले, तोच माझा गैरहजेरीचा दिवस. डॉक्टरांच्या चिठ्ठीत ‘विषबाधेचे कोणतेही लक्षण नाही’ असे आहे. आपण मागितलेला दाखला म्हणून तीच स्वीकारावी. माझी पत्नी डबा घेऊन आली होती. तिने विचारले, “इतकी माणसं बाहेर काढलीत, त्यांतलं कोणी चावलं होतं का हो?” मी म्हणालो, “दोघे.” ती बऱ्याच दिवसांनी हसली. तो दिवस कर्तव्यावरचा धरावा.

६. कंत्राटदार त्यानंतर फिरकलेला नाही. मंजुरीची मुदत संपली म्हणतात. नळ मात्र दुरुस्त झाला. बेडूक दोन दिवस ओरडले, आता तेही गप्प आहेत. मी खुर्चीवर बसतो आणि आठ तास कोरड्या फरशीकडे पाहतो. डोळे दुखतात. घरी गेल्यावर बोलावेसे वाटत नाही.

तरी माझी बदली पाणी असलेल्या कोणत्याही ठिकाणी व्हावी. पंपघर, बोटींचा धक्का, शाळेचा हौद, काहीही चालेल. पद खालचे असले तरी हरकत नाही. तिथे माणसे असली तर उत्तम, नसली तरी मी बसेन. निवृत्तीला दोन वर्षे सात महिने उरले आहेत.

कळावे, उत्तराची वाट पाहतो.

आपला नम्र सेवक,
(सही)
जीवरक्षक
दिनांक : १९ मार्च

सोबत : १) डॉक्टरांची चिठ्ठी २) दोन्ही ज्ञापनांच्या प्रती ३) पोहता येत असल्याचा दाखला (एकोणीस वर्षांपूर्वीचा, तरी अजून खरा)