तळमजल्याची मालकीण

आवं,

तुम्ही तिकडं बॉर्डरवर आहात, म्हणून हे लिहून काढतेय. धाडायचं धाडस मात्र होत नाही.

सांगलीचा फ्लॅट तुम्ही माझ्या नावावर घेतलात, कारण बाईच्या नावावर मुद्रांक शुल्क एक टक्का कमी पडतं. दस्त झाल्यावर मी पहिल्यांदा आत पाऊल टाकलं, तेव्हा शेजारच्या बयाबाई म्हणाल्या, "पोरी, महापुरात हितं पंख्यापतुर पाणी हुतं. रंग नवा हाय निस्ता."

मी मामंजींना सांगितलं. ते म्हणाले, "पृथ्वीराजला कळवू नगंस, तिकडं त्येचं चित्त लागायचं न्हाई. मुद्रांकाचं पैसं गेलं ते गेलं. आपुन गुपचूप इकून टाकू."

काल पलूसचं एक जोडपं बघायला आलं. बाईला दिवस गेलेले. मामंजी भाव सांगत होते, तेवढ्यात तिनं मलाच विचारलं, "ताई, पुराचं पाणी येतं का हो इथं?"

मामंजी माझ्याकडं बघत राहिले. मी म्हणाले, "येतं."

दोघं चहा न घेताच गेली. तेव्हापासून मामंजी माझ्याशी बोललेले नाहीत. पुढचं गिऱ्हाईक ते एकटेच गाठतील आणि मला फक्त सहीला बोलावतील. तेव्हा मी काय करू, ते मला कळत नाही.

आज फोनवर तुम्ही विचारलंत, "मालकीणबाई, घर आवडलं का?" तुमचा आवाज इतका खुशीत होता, की मी "लय आवडलं" म्हणाले आणि फोन सासूबाईंकडं दिला.

तुमचीच,
संयोगिता